वरच्या मजल्याच्या ना-हरकतीची हकीकत

आलेल्या पत्रास उत्तर गेले नाही, त्यामुळे जो बाका प्रसंग गुदरला तो जाणत्यांच्या माहितीस्तव लिहिला असे.

इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर परदेशीणबाईंचा मुक्काम. बाईंनी तरुणपणी मायदेश, आईबाप आणि बँकेतली बरी नोकरी सोडून कथकाची चाकरी पत्करली, आणि केस पिकू लागले तरी रोज सकाळी घुंगरू बांधून जमिनीवर तोफखाना चालवीत. खाली पहिल्या मजल्यावर खासे मुद्रितशोधक राहत. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, परंतु स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटले की लेखणीस टोपण लावून ठेवीत.

मग घरमालकांनी फर्मान काढले की, बाईंनी नाचास खालच्या बिऱ्हाडाची लेखी ना-हरकत महिनाअखेर आणावी, न आणिल्यास जागा सोडावी. बाईंनी अदबीने खाली पत्र धाडिले आणि उत्तर येईतो गादीवर नाचू लागल्या. गादीवर बोल उठेना. कथकाच्या गुरूंनी ताकीद दिली की, हे कापूस पिंजणे बंद करावे.

खाली खाशांची हरकत तिळमात्र नव्हती. उलट त्या तालावरच मुद्रिते तपासण्याची सवय, आणि ताल थांबला तशा चुका निसटू लागल्या. परंतु 'आपल्या पायांच्या आवाजास' इतके लिहिताच कानशिले तापत, की परक्या बाईच्या पायांविषयी हे काय लिहिणे. मग 'पायांच्या' खोडून 'पावलांच्या' केले, ते अधिकच बिघडले, आणि मसुद्यांनी केराची टोपली काबीज केली.

अशात जिन्यावर गाठ पडली. "काका, माझं पत्र मिळालं का?" बाईंनी पुसले.

"हो, हो. हवा बरी आहे आज," म्हणून खाशांनी माघार घेतली, ती थेट न्हाणीघरापर्यंत.

मग महिना सरत आला आणि वरून सामानाची खोकी उतरू लागली. तेव्हा कुटुंबाने मसलत बसविली.

"अहो, निघाली ती बिचारी. हरकत नाही, एवढंच लिहा की."

"कशाला हरकत नाही, ते नको का लिहायला?"

"पाय नकोत, तर छताचं लिहा. छत आपल्याच डोक्यावर आहे ना?"

या मसलतीने खाशांस बळ आले आणि एका बैठकीत लिहिले की, नाचास आमच्या छताची हरकत नाही. हल्ली ते फार गप्प असते, ते बरे वाटत नाही.

"द्या, मी वर देऊन येते," कुटुंब म्हणाले. "उद्या टपालाने पोचेल," खासे म्हणाले, आणि ज्यांस एक जिना चढवेना त्यांनी दोन चौक ओलांडिले, आणि लिफाफा टपालपेटीत सोडिला. मग मुद्रितशोधकाची नेहमीची, 'पोचेल' की 'पोहोचेल' अशी नव्हे, तर 'गप्प' शब्द जरा सलगीचा झाला अशी शंका आली, आणि फटीतून मनगटापर्यंत हात घालून पाहिले. लिफाफा हाती लागला नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.