कारल्याच्या रसापासून सुटका

मंडळी, मनात आणलं तर मी काहीही सोडू शकतो! सिगारेट मी कधी धरलीच नाही, म्हणजे ती सुटलेलीच. राहिलं बोलणं. तेही महिनाभर सोडून दाखवीन, असं मी बायकोला छाती पुढे काढून सांगितलं. छातीच्या आधी पोट पुढे पोचलं, हा काळाचा दोष! नव्वदच्या दशकातली वर्षं ती. टीव्हीवरची चॅनेलं दोनाची चाळीस झाली आणि ती बघता बघता इकडे गुजरातेत, मांजलपुरातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीचे पट्टे ढिले करावे लागले.

माझा साखरेचा रिपोर्ट पाहून डॉक्टर एवढंच म्हणाले, "चालत जा." त्यावर अहल्येनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, स्वतःच्या अधिकारात भर घातली : रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस! तो घशाखाली उतरताना माझ्याबरोबर भिंतीवरच्या तसबिरीतले आजोबाही तोंड वाकडं करायचे.

"अगं, चालतो ना मी रोज!"

"चालता कुठे? प्रत्येक फाटकाशी उभे राहून बोलता! तुमचं तोंड उघडलं की गप्पा बाहेर येतात आणि फाफडा आत जातो. महिनाभर तोंड मिटून फिरा. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. जमलं तर रस बंद! नाही जमलं, तर वर्षभर रस. आणि पेला मोठा!"

सौदा मला फायद्याचा वाटला. फुकटातली वस्तू देऊन कारलं सुटत होतं!

जोडीला दोघं मिळाले. पलीकडच्या गल्लीतले श्रीपतराव, गोडाचे जन्मजात भक्त. आणि भास्करराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड. हे साक्षीदार म्हणून अहल्येनंच नेमलेले. माणूस असा, की हिरवा दिवा दिसल्याशिवाय शिंकणार नाही! पांढऱ्या कपड्यात घाम कमी येतो असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं, म्हणून आम्ही तिघंही पांढरा लेंगा-सदरा घालून, माना खाली घालून, मुक्यानं फिरायचो.

आणि उजाडला शेवटचा दिवस! आनंदानं माझी पावलं जमिनीवर टेकत नव्हती. मी आणि भास्करराव श्रीपतरावांच्या फाटकाशी पोचलो. श्रीपतराव बाहेर नाहीत! बेल वाजवली. उत्तर नाही. त्यांच्या सौभाग्यवती सुनेत्रावहिनी बहिणीकडे सावली गावाला गेलेल्या, घरात हे एकटेच. हाक मारायची सोय नाही. उभे राहिलो. माना खाली, हात पुढे बांधलेले, शुभ्र पांढरे, गप्प.

समोरच्या घरातून जशभाई पटेल दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले. आमच्याकडे पाहिलं, श्रीपतरावांच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि पिशवी हातातून गळलीच!

"अरेरे! क्यारे थयुं, कधी झालं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात भास्कररावांनी असे डोळे वटारले, जणू मी सिग्नल तोडून गाडी पुढे काढतोय. मी माफीसाठी नुसते हात जोडले.

"समजी गयो, साहेब. बोलवत नाय तुमच्याच्यानं." जशभाईंनी डोळे पुसले. "बहु सारा माणस हता, बहु चांगला! कालेच मला सांगत होता, जशभाई, गुडघा दुखते. बस, गुडघ्यावरून गेला!"

ते घरात धावले आणि पांढरा झब्बा चढवून परत आले. मंडळी, गुजराती शेजारी म्हणजे अडचणीला देवापेक्षा लवकर पोचणारा माणूस! बघता बघता गल्ली पांढरी झाली. कुणी स्कूटर हलवून वाट मोकळी केली, कुणी बांबू आणायला निघालं, कुणी सतरंजी अंथरली. एकानं हळूच विचारलं, "बेसणानी जाहेरात आपवी छे. फोटो कयो?" शोकाला बसण्याची जाहिरात पेपरात फोटोसकट देतात हो इथे!

मी वेड्यासारखा बेल दाबत होतो. आतून हूं की चूं नाही. खरंच गेले की काय? एवढे लोक काय उगाच रडतात? माझेही डोळे भरून आले. ते पाहून ज्यांना थोडाफार संशय होता, त्यांचाही फिटला.

तेवढ्यात चहाची किटली घेऊन अहल्या पोचली. गल्ली ओलांडून बातमी तिच्यापर्यंत गेली होती. तिनं मला डोळ्यांनीच विचारलं. मी ओठ आणखी घट्ट मिटले.

आणि गर्दीच्या मागे, अगदी शेवटच्या रांगेत, मला एक ओळखीचं टक्कल दिसलं. पांढरा लेंगा-सदरा, मान खाली, हात पाठीमागे. श्रीपतराव! कोपऱ्यावरून शेवटच्या दिवसाची जिलबी आणायला गेलेले. दारात गर्दी पाहून, मौन पाळत, स्वतःच्याच मयताला नेमानं उभे राहिलेले!

बघता बघता त्यांचा चेहरा पडला. आपल्या दारात एवढे लोक, म्हणजे... त्यांनी एकदम हंबरडा फोडला, "सुनेत्रा! अगं, मला टाकून सावलीतच गेलीस गं!"

माझा बांध फुटला! "श्रीपतराव! अहो, तुम्ही जिवंत आहात!"

जशभाईंच्या हातातला हार तसाच राहिला. मग हशा असा उसळला की कुत्री पळाली. श्रीपतरावांना तोच हार घालण्यात आला. चहा तयार, सतरंजी तयार, आणि त्यांच्या पाठीमागे लपवलेला पुडा म्हणजे चांगली घसघशीत जिलबी! लोकांनी पांढऱ्या झब्ब्यांना पाक पुसत ती फस्त केली. मीही एक तुकडा उचलला.

"ठेवा तो!" अहल्या म्हणाली. "मौन मोडलंत."

"अगं, माणूस मेला होता!"

"मेले नव्हते ना? मग मोडायचं कारण काय?"

मी आशेनं भास्कररावांकडे पाहिलं. जिलबीनं तोंड भरलेलं. त्यांनी हात आडवा केला, लाल बावट्यासारखा.

हल्ली मी फिरताना मनसोक्त बोलतो. पुन्हा कुणाचा गैरसमज नको म्हणून अहल्येनं जांभळ्या रंगाचा चकचकीत ट्रॅकसूट आणलाय. आणि पेलाही नवीन आणलाय. मोठा. त्याला पेला म्हणणं हे तिचं, तांब्या म्हणणं हे माझं!