स्पॅनिशमध्ये रडता येत नाही

आई मेक्सिकोत, ओआहाकाच्या डोंगरात वारली, तेव्हा एर्मेलिंदा कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी तोडत होती. मातीला गेली असती तर सीमेवरून परत येणं झालं नसतं. गेली नाही. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. एकदा वाफ्यातच भोवळ येऊन पडली, तेव्हा वहिनीनं तिला ढकलतच मनाच्या डॉक्टरांकडे धाडलं.

"कुठल्या भाषेत बोलणार?" दवाखान्याच्या खिडकीतल्या मारिसोलनं विचारलं.

"त्रिकी. आमच्या डोंगरातली बोली."

"अहो मावशी, स्पॅनिश माझ्यापेक्षा चांगलं बोलता की!"

"बोलते गं. पण स्पॅनिशमध्ये मला रडता येत नाही."

मारिसोल नवीन होती, म्हणून भली होती. "मग दुभाषी मिळणं तुमचा हक्कच आहे," म्हणत तिनं दुभाष्यांच्या कचेरीला फोन लावला. जिल्ह्यात त्रिकीची एकच दुभाषी होती, फोनवरून काम करणारी. कचेरीनं तिला जोडून दिलं आणि एर्मेलिंदाच्या पिशवीत फोन वाजू लागला.

"उचलू?" एर्मेलिंदानं ओशाळून विचारलं.

"उचला बाई! नाहीतर 'दुभाषी उपलब्ध नाही' म्हणून तुमची तारीख पुढं जाईल."

हे कळल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "दुभाषी म्हणून घरचं माणूस चालत नाही. नियम आहे."

"मी माझ्या घरची कुठं आहे डॉक्टर, मी तर मीच आहे."

डॉक्टरांनी वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठांनी तोडगा काढला: दोन खुर्च्या मांडा. रुग्णानं आपल्या खुर्चीत बोलावं, मग उठून दुभाष्याच्या खुर्चीत बसावं.

पहिल्या खुर्चीत एर्मेलिंदा त्रिकीत बोलू लागली, ती थांबेचना. आईला अंघोळ कुणी घातली, वेणी कुणी घातली, खड्ड्यावर पहिली मूठ कुणाची पडली... मनातलं सगळं बोलून ती हमसून हमसून रडली. डॉक्टर कागदी रुमाल पुढं सरकवत राहिले.

मग ती उठली, डोळे पुसले आणि दुसऱ्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांच्या दुभाषीपणाच्या सवयीनं पाठ आपोआप ताठ झाली.

"ती म्हणते, झोप येत नाही. बाकी ठीक आहे."

"एवढंच? बराच वेळ बोलत होत्या."

"आमच्यात जरा पाल्हाळ लावतात, डॉक्टर."

डॉक्टरांना हायसं वाटलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली. "त्यांना सांगा, रात्री एक गोळी. आणि मन मोकळं करत जा म्हणावं."

एर्मेलिंदानं रिकाम्या खुर्चीकडे वळून ते सगळं त्रिकीत नीट समजावून सांगितलं.