उद्या सकाळी फवारणी आहे

किसन आप्पांना उद्या फवारणी करायची असली, की आज संध्याकाळी ते शेतात दवंडी देतात. माणसांना नव्हे, किड्यांना.

हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. डाव्या हातात तेलाचा रिकामा डबा, उजव्या हातात मोडक्या खुरप्याची मूठ, आणि झेंडूच्या सरीसरीतून चालत आप्पा खणखणीत आवाजात सांगत असतात, "ऐका हो ऐका! उद्या सकाळी सात वाजता औषध मारायचं हाय. ज्यांना जायचंय त्यांनी आजच निघावं. लेकुरवाळ्यांनी आदुगर निघावं. बांधाच्या पल्याड ऊस हाय, तिथं जागा मोकळी हाय. सर्वांनी नोंद घ्यावी!"

'सर्वांनी नोंद घ्यावी' हे त्यांनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून उचललंय. पलीकडच्या ऊसवाल्याने यावरून दोनदा भांडण काढलं. "आप्पा, तुमचं पाव्हणंरावळं माझ्या उसात कशापायी धाडताय?" आप्पा शांतपणे म्हणाले, "तू बी दवंडी दे की. तुला कुणी अडवलंय?"

वडगाव रासाईत माझं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं आणि कीटकनाशकं विकतो. शेतकीची पदवी घेऊन मी शिरूरहून इथे आलो तेव्हा गावाने मला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. आप्पांनी मात्र पहिल्याच दिवशी पाटी वाचली, काचेच्या कपाटातल्या बाटल्या पाहिल्या आणि विचारलं, "ही यमाची शाखा कवा उघडली?" तेव्हापासून मी त्यांचा यमाजी. भर बाजारात हाक मारतात, "ए यमाजी, हिकडं ये." लोक हसतात. मीही हसतो, काय करणार?

आप्पांची आणखी एक तऱ्हा म्हणजे ते माणसांना अरे-तुरे करतात आणि जनावरांना अहो-जाहो. तलाठी असो नाहीतर सरपंच, सगळे 'तू'. आणि दारातल्या कुत्र्याला, "बसा, ऊन लागंल." म्हशीला, "जरा सरकता का?" एकदा दुकानात माझ्या टेबलावर मुंगळा आला, तर आप्पांनी त्याला वाट करून देण्यासाठी पावतीपुस्तक उचललं आणि मला म्हणाले, "तू सरक की जरा. दिसत न्हाई व्हय, कामाला निघाल्यात ते?"

मी विचारलं, "आप्पा, मुंगळ्याला मान आणि मला अपमान?"

"तुला बोलता येतंय. तुझा मान तू मागून घेशील. त्यास्नी कोण देणार?"

त्यांचं औषध खरेदी करणं हा माझ्या दुकानातला एक सोहळाच असतो. इतर शेतकरी विचारतात, कीड किती लवकर मरेल? आप्पा विचारतात, "ह्यानं पळून जायला टाइम मिळतो का?" बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. त्यामुळे ते नेहमी हिरवाच मागायचे. एक दिवस माझ्यातला पदवीधर जागा झाला. मी म्हणालो, "आप्पा, हा रंग माणसाला किती घातक, ते सांगतो. किड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

आप्पांनी चष्मा काढला. "म्हंजी मरणार किडा, आन् त्रिकोण माणसाचा?"

"हो."

"आन् किड्याला किती तरास व्हतो त्याचा त्रिकोण?"

"तसा नसतो."

"लिवून कळीव कंपनीला," ते म्हणाले आणि हिरवी बाटली घेऊन गेले. मी अर्थातच कुणाला काही कळवलं नाही. पण त्या दिवसापासून बाटली देताना माझी नजर त्या त्रिकोणावर जरा जास्तच रेंगाळते.

आप्पांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. आप्पांनीही लहानपणी ती पायपीट केली, मग भीमेचं पाणी आलं आणि घर शेतीत रुजलं. शाळा दुसरीपर्यंत. पण चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशेब त्यांना असा पाठ, जणू त्यातल्या बऱ्याचशा स्वतः करून आलेत. एकदा सप्ताहात कीर्तनकारबुवा रंगात येऊन सांगत होते, की सगळ्या योनींत नरदेह श्रेष्ठ, नरदेह दुर्लभ. आप्पा मांडवात उभे राहिले. म्हणाले, "बुवा, पीक राखायला माणूस मचाणावर चढवत्यात. तो सगळ्यात उंच असतो. म्हणून शेत त्याचं व्हतं का?"

बुवांनी पटकन 'विठ्ठल विठ्ठल' सुरू केलं. टाळांच्या आवाजात तो प्रश्न तिथेच राहिला, पण माझ्या डोक्यातून काही गेला नाही.

तुम्ही म्हणाल, हा माणूस माळकरी असेल. अजिबात नाही. जत्रेला आप्पांच्या घरी बोकड पडतं आणि ते रस्सा वाटीने पितात. मी त्यांना कोंडीत पकडायचा बेत बरेच दिवस करत होतो. एकदा साधला.

"आप्पा, अळीला दवंडी आणि बोकडाला सुरी? तिथे कुठे जातं तुमचं तत्त्वज्ञान?"

आप्पांनी तंबाखूची चिमूट तळहातावरच ठेवली. "त्यास्नी बी इचारतो की. अंगावर पाणी शिंपडायचं आन् हात जोडून हुबं राहायचं. त्यांनी अंग झाडलं तर व्हय म्हणायचं."

"आणि नाही झाडलं तर?"

"ते काय बसल्यात," आप्पांनी गोठ्याकडे बोट केलं.

गोठ्यात एक अवाढव्य म्हातारा बोकड दाढी हलवत बसला होता. त्याचं नाव 'पाव्हणं'. नऊ वर्षांपूर्वी जत्रेत त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि त्याने अंग झाडलंच नाही. घरात वाटण तयार, चुलीवर आधण, ओट्यावर चाळीस पाहुणे. कुणी म्हणालं, अजून पाणी टाका. कुणी म्हणालं, कानात फुंकर मारा. आप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. ते हात जोडून दोन तास उन्हात उभे, समोर बोकड उभा, दोघेही एकमेकांकडे बघतायत. शेवटी आप्पांची बायको, गोदाक्का, पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "पिठलं टाकते." चाळीस माणसांनी जत्रेला पिठलं-भाकरी खाल्ली. त्यातले बरेचसे आप्पांशी अजून नीट बोलत नाहीत.

"इचारायचं आन् थांबायचं," आप्पा मला म्हणाले. "इचारत्यात समदेच. थांबत न्हाई कुणी."

मी तेव्हा मान डोलावली. मोठी माणसं बोलली, की मान डोलवायची सवय असते, तशी.

ही झाली आप्पांची ओळख. आता यंदाच्या दसऱ्याआधीची गोष्ट सांगतो.

आप्पांचा झेंडू यंदा बघावा असा होता. दीड एकर, कळ्यांनी लगडलेला. दसरा पंधरा दिवसांवर आला आणि कळी पोखरणारी अळी आली. त्यांचा मुलगा सुदाम चार पोखरलेल्या कळ्या खिशात घालून दुकानात आला. मी बघूनच म्हणालो, "उद्याच्या उद्या मारा. दोन दिवस गेले, तर प्लॉट हातचा जाईल."

"मारायचं ठरलंय हो," सुदाम रडकुंडीला आला होता. "पर आप्पाचा आवाज बसलाय. ताप आलाय चार दिसांपास्नं. दवंडी देता येईना. आन् दवंडीबिगर फवारू देईनात. पंपाला मिठी मारून बसल्यात."

"मग तू दे दवंडी."

"दिली की काल. म्हणाले, तू दात-ओठ खात सांगतोस, असल्या दवंडीला कोण उठंल?" सुदामने घसा खाकरला. "तुम्हाला बोलवलंय. म्हणाले, यमाजीला आण."

मला हसू आलं आणि रागही आला. कीटकनाशक विकणाऱ्याने किड्यांना पळून जायला सांगायचं! माझ्या धंद्याची उभ्या गावात शोभा. पण दीड एकर झेंडू जात होता. मी शटर ओढलं.

आप्पा बांधावर बाजेवर पडले होते. अंगावर घोंगडी, शेजारी खरोखरच पंप, आणि पायाशी पाव्हणं. मला पाहून त्यांनी डबा पुढे केला. घशातून नुसता वारा येत होता. "समद्या सऱ्यांतनं जा. गडबड करू नगंस."

"आप्पा, एवढं कशाला? अळीला कान नसतात हो."

"अळीला नसतील," आप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, "शेवटच्या सरीला गेलास की डबा वाजवू नगंस. तिथं हळू सांग. मोठ्यानं बोललेलं तिला आवडत न्हाई."

'तिला' हा शब्द ऐकून मी जागीच उभा राहिलो.

शेवटच्या सरीच्या टोकाला एक सपाट दगड आहे. गोदाक्का फुलं तोडून झाली की त्यावर बसायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आणि आप्पांची दवंडी, मी मनाशी मोजलं, तीन वर्षांचीच. त्याआधी ते माझ्याकडून बाटली घेत आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांसारखे फवारून मोकळे होत. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नव्हती?

मग मला तिचा दहावा आठवला. तो मला आठवायला नको असतो.

भीमेच्या काठावर पिंड ठेवला होता. चार पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, प्रवचन झालं, पण कावळा शिवेना. झाडावर दोन कावळे होते, नुसते बघत होते. एरवी आपण त्यांना खडे मारून हाकलतो आणि त्या दिवशी अख्खं गाव त्यांच्याकडे हात जोडून उभं होतं. सुदाम म्हणाला, "आये, आप्पाला सांभाळतो." कुणी म्हणालं, "नातीचं लगीन करू." कुणी म्हणालं, "पाव्हण्याला कुणी हात लावणार न्हाई." कावळे हलले नाहीत. आप्पा पुढे उभे होते, बोकडासमोर उभे होते तसेच. तासभर झाला. दौंडहून माझी खताची गाडी यायची होती, हमाल थांबले होते. मी पुढे झालो आणि त्यांच्या कानाशी म्हणालो, "आप्पा, लोक खोळंबलेत."

मीच म्हणालो. दुसरं कुणी नाही.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं, आणि गुरुजींना खूण केली. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. पाच मिनिटांत सगळे जेवायला बसले. मी गाडी उतरवून घ्यायला वेळेत पोचलो.

बाजेजवळ उभा राहून हे सगळं मला आठवत होतं, आणि ते आप्पांना कळलं असावं. ते म्हणाले, "बोकडासाठी दोन तास हुबा राह्यलो, यमाजी. तिच्यासाठी तासभरच." धाप लागली म्हणून ते थांबले. "तिला काय सांगायचं व्हतं, ऱ्हाऊन गेलं. आता कुठल्या योनीत हाय, मला काय ठावं? फुलांचा लई नाद तिला. झेंडूतच आसंल, तर?"

"आप्पा, तेव्हा मीच तुम्हाला..."

"तू बोललास. थांबायचं का न्हाई, ते माझ्या हातात व्हतं." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "जा. दिवस मावळंल."

मी डबा वाजवायला लागलो. पहिल्या दोन सऱ्यांत नुसता डबाच वाजला. रस्त्यावरून जाणारा एक ट्रॅक्टर मला बघायला थांबला. मग हळूहळू जमू लागलं. ऐका हो ऐका. उद्या सकाळी सात वाजता. लेकुरवाळ्यांनी आधी निघावं. मी पंधरा वर्षं या जिवांना मारायची औषधं विकतोय आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी बोललो. पानाखाली एक हिरवी अळी बसली होती. तिला मी 'अहो' म्हणालो, हे आता लिहायला हरकत नाही.

शेवटची सरी आली. मी डबा खाली ठेवला. दगड मोकळा होता, भोवती झेंडूच्या कळ्या, काही पोखरलेल्या, काही चांगल्या. मागे वळून पाहिलं, तर आप्पा बाजेवर उठून बसले होते आणि त्यांनी हात जोडले होते.

"आक्का," मी हळू आवाजात म्हणालो, "उद्या सकाळी सात वाजता फवारणी आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा. गडबड नाही."

आणि मी थांबलो. किती वेळ थांबायचं असतं, ते आप्पांना विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून थांबूनच राहिलो.