तांबडा दिवा आणि मोराची चादर

कुंभारीच्या लग्नात नवरदेवाचा घोडा उधळला आणि नवरदेवासकट अक्कलकोट रस्त्यानं तीन किलोमीटर गेला.

असं काही घडलेलं नाही. कुंभारीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. काहीजण तर न विचारताच सांगतील. तेव्हा आपणही त्यात पडायचं नाही. आपली गोष्ट शिवानंदच्या गाडीच्या डिकीची आहे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत बसलिंगप्पांचं चादरींचं दुकान. शिवानंद हा त्यांचा मुलगा. त्यानं डिकीत बारा इंची वूफर आणि त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर बसवून घेतला आणि पहिलं गाणं लावलं, तेव्हा गल्लीतल्या तीन घरांत मांडणीवरची भांडी आपणहून पुढं सरकली. चौथ्या घरानं तक्रार केली की आमची का सरकली नाहीत. शिवानंदनं त्यांच्या दारात गाडी उलटी लावून तेवढी उणीवही भरून काढली.

अशा माणसाच्या तोंडून मोठा शब्द जायला वेळ लागत नाही. कुंभारीचे मृत्युंजयकाका म्हणजे बसलिंगप्पांचे धाकटे भाऊ. त्यांच्या नंदीशचं लग्न ठरलं आणि परण्याला, म्हणजे लग्नाआधी नवऱ्या मुलाला घोड्यावरून मारुतीला नेतात त्या मिरवणुकीला, नेहमीप्रमाणे बार्शीचा बँड सांगायचं चाललं होतं. शिवानंद म्हणाला, "काका, बँड कशाला? मी हाय की." काकांचा ऊर भरून आला. त्यांनी बार्शीला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि पुतण्याची डिकी कशी बोलते ते अख्ख्या गावाला सांगितलं. आता परण्याची अब्रू एका डिकीत होती.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि ॲम्पवर तांबडा दिवा लागला. वीस मिनिटं झकास वाजायचं, मग दिवा तांबडा आणि वूफर मुका.

शिवानंदनं डिकी उघडली, ॲम्पवरची चादर काढून घडी घालून बाजूला ठेवली आणि कामाला लागला. चादर अव्वांनी घातलेली होती. अव्वा म्हणजे त्याची आई, गंगम्मा. त्या घरात मशीन उघडं ठेवायची पद्धत नव्हती. फ्रीजला चादर, मिक्सरला चादर, पाण्याच्या मोटारीला चादर. धूळ बसती, दृष्ट लागती, आणि चादरीच्या दुकानदाराच्या घरात उघडं काय ठेवायचं, असा तिहेरी मुद्दा होता. भिंतीला रंग आहे हे जसं रोज जाणवत नाही, तशी त्या घरात चादर कुणाला दिसत नसे.

शिवानंदनं फ्यूज बदलला. डिकी उघडी ठेवून तासभर गाणी लावली, दिवा हिरवागार. त्यानं फ्यूज हातात धरून फोटो काढला, स्टेटसला ठेवला. संध्याकाळी अव्वांनी पुन्हा चादर घातली. सकाळी वीस मिनिटांत तांबडा.

मग उदयसिंह आला. वूफर त्यानंच बसवला होता, त्यामुळे प्रश्न त्याच्याही अब्रूचा होता. त्यानं चादर काढली, तिची चौघडी केली, तिच्यावर ऐसपैस बसला आणि निदान केलं. "अर्थिंग रंगावर बसलंय रे. लोखंडाला लोखंड भेटाय पायजे." रंग खरवडला, वायर आवळली, दोन तास वाजवून दाखवलं. जाताना म्हणाला की असं अर्थिंग सोलापुरात दुसरा कुणी करून दाखवावा. तो गेला, अव्वांनी चादर झटकून जागच्या जागी घातली. दुसऱ्या दिवशी तांबडा.

तिसऱ्यांदा खुद्द काका आले. ते विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. "चाळीस फूट खाली उतरून बंद मोटार बोलती केलीया मी," ते म्हणाले. "हे तर जमिनीवर हाय." त्यांनी चादर बाजूला केली, प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा पिळला आणि ॲम्पच्या पाठीवर बैलाला मारतात तशा दोन थापा मारल्या. वाजला. दिवसभर वाजला.

आता तिघांचीही दुरुस्ती पक्की होती आणि तिघांचाही एकमेकांवर संशय होता. दिवा तांबडा झाला की शिवानंद म्हणे अर्थिंग कच्चं, उदयसिंह म्हणे स्क्रू फार पिळले, काका म्हणत फ्यूजच पोरकट. मग तिघं मिळून डिकी उघडत, चादर काढत, आपापलं काम पुन्हा करत, आणि ते लगेच वाजे. इतक्या वेळा दुरुस्त झालेली वस्तू सोलापूर जिल्ह्यात दुसरी नसेल. लग्नाच्या आदल्या दिवशी तिघांनी एकमेकांचे हात हातात घेऊन आता काळजी नाही असं ठरवलं.

अव्वांनीही आपल्याकडून कसूर ठेवली नाही. परण्यात डिकी उघडी राहणार, पाहुणे बघणार. त्यांनी रोजची जुनी चादर काढून दुकानातली सगळ्यात भारी, मोराची चादर आणली आणि दुहेरी करून घातली.

सकाळी अकराच्या उन्हात परण्या निघाला. पुढं गाडी, मागं घोडा, घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला नंदीश. पहिल्याच ठोक्याला पत्रे थरथरले, काकांनी गावाकडं बघून मिशीवरून हात फिरवला. शिवानंदला वाटलं, यासाठीच आपला जन्म.

बरोबर नवव्या मिनिटाला आवाज गेला.

मारुतीचा कळस समोर दिसत होता. घोडा थांबला. कुणीतरी मागून शांतपणे विचारलं की बार्शीचा बँड आता कुठवर असेल. काकांनी मिशीवरचा हात खाली घेतला, आणि शिवानंदला तेच फार लागलं.

"शिवादादा," नंदीश वरून म्हणाला, "उतरू का मी? चालत जातो की."

"बस तू," शिवानंद म्हणाला.

उदयसिंहनं चादरीला हात घातला, तोच अव्वा आडव्या आल्या. "पावण्यांसमोर उघडं करू नगा. खालनं हात घाला."

त्यांच्यापुढं कुणाचं चालत नसे. मग जनावरांच्या बाजारात व्यापारी जसे फडक्याखाली बोटं धरून सौदा करतात, तसे तिघांचे सहा हात मोराखाली शिरले. दिसत तर काही नव्हतं. प्रत्येकाच्या हाताला आवाज वाढवायचं बटण तेवढं लागलं आणि प्रत्येकानं ते आपल्या अंदाजानं थोडं थोडं पिळलं. मग तिघांनीही एकदम हात बाहेर काढून बोटं तोंडात घातली.

"काय झालं?" बसलिंगप्पा पुढं आले. आठ दिवसांत ते या यंत्राबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी एक हात चादरीखाली घातला, एक वर ठेवला. डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचा चेहरा निराळा होता.

"शिवा," ते म्हणाले, "आत भट्टी पेटलीया. आन वर हात लाव. गार हाय."

शिवानंदनं हात लावला. गेले आठ दिवस त्याच्या डोळ्यांसमोरून घडी घालून गेले. त्यानं उदयसिंहकडं बघितलं, उदयसिंहनं काकांकडं, काकांनी मारुतीकडं.

"एक वाफ भाईर सोडली न्हाई," बसलिंगप्पा म्हणाले. त्यांनी चादर उचलली आणि उन्हाकडं धरली. "उजेड दिसतो का बघा."

दिसत नव्हता. पाहुणे कोपरे चाचपू लागले. बसलिंगप्पा ताणा आणि बाणा समजावून सांगू लागले, आणि परण्या कशासाठी थांबला होता हे दहा मिनिटं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तेवढ्यात मोकळ्या वाऱ्यात ॲम्प थंड झाला. दिवा आपणहून हिरवा झाला आणि गाणं जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. फक्त आता त्यात तीन माणसांचा अंदाज मिसळलेला होता, आणि डिकीचं तोंड घोड्याकडं होतं.

त्यानंतर जे झालं ते झालेलं नाही. एवढंच सांगतो की शिवानंद गाडी वळवून मागं सुटला तेव्हा गाणं चालूच होतं, कारण आठ दिवसांच्या खटपटीनं वाजतं झालेलं यंत्र बंद करायचा धीर कुणाला होईना. आणि गाडी जितकी जवळ जाई तितका पुढचा प्रवास लांबे. नंदीश दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून, वेशीत अव्वांनी अंगावर घातलेली मोराची चादर घेऊन मांडवात आला. मुहूर्त साधला. तीन किलोमीटरात दिवा एकदाही तांबडा झाला नाही.

अक्षता पडल्यावर काकांनी शिवानंदच्या खांद्यावर हात ठेवला.

"बार्शीच्या बँडला हे जमलं नसतं," ते म्हणाले.

सोमवारी बसलिंगप्पांनी दुकानाच्या कागदावर ॲम्पच्या कंपनीला पत्र लिहिलं.

"विषय : आपल्या यंत्राच्या नाजूक प्रकृतीबाबत.

महोदय, आपले यंत्र आमच्या चादरीखाली नऊ मिनिटांत गुदमरते असे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. चादरीत दोष नाही. घोड्यासंबंधी आमची कोणतीही तक्रार नाही, कारण तसे काही घडलेले नाही. तरी आपल्या कारखान्यात योग्य ते बदल करून, यापुढील सर्व यंत्रे दुहेरी चादरीखाली सलग चार तास चालतील अशी व्यवस्था करावी व तसे आम्हास लेखी कळवावे. चाचणीसाठी मोराची चादर एक नग सोबत पाठवीत आहोत. काम झाल्यावर ती घडी न मोडता परत करावी, ही नम्र विनंती."