लाल चिठ्ठीची पवनचक्की

चाकणच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीत भंगाराचा टेम्पोही गुरुवारीच येई. सकाळी सव्वासातला नागसेनने बाल्कनीतलं शेवटचं पोतं टेम्पोत चढवलं, हात झटकले आणि वर येऊन रिकाम्या बाल्कनीचा फोटो बायकोला, अंजलीला पाठवला. खाली लिहिलं, ‘झीरो डिफेक्ट’.

नागसेन एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर होता. गेल्या महिन्यात कंपनीत नीटनेटकेपणाचं ट्रेनिंग झालं आणि तिथली लाल चिठ्ठीची पद्धत तो पॅडसकट घरी घेऊन आला. जी वस्तू महिनाभर कामाला आली नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर वस्तूचं नाव, कारण, निर्णय, तारीख आणि सही. चिठ्ठी लागली की वस्तू गुरुवारी बाहेर. नियमावली फ्रिजवर चिकटली होती, आणि तिच्यातला पहिलाच नियम होता, ‘चिठ्ठी लागल्यावर चर्चा नाही.’ अंजलीने तरीही चकलीचा सोऱ्या दोनदा आणि पाहुण्यांची गादी एकदा सोडवून आणली होती. पण आज ती पिंपरीतल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये पहिल्या पाळीला गेली होती.

एका पायात मोजा, दुसरा हातात, अशी आठ वर्षांची मितू बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली.

“पप्पा, माझी पवनचक्की?”

“कसली पवनचक्की?”

“प्रदर्शनाची! टाकाऊतून टिकाऊ! आज साडेदहाला तपासणारेत. रात्री वाऱ्यात ठेवली होती.”

नागसेनच्या डोळ्यांसमोर मोडक्या टेबलफॅनची पाती, तेलाचा डबा, खेळण्यातली मोटर, एक छोटा दिवा आणि चार तारा उभ्या राहिल्या. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘काय आहे ते कळत नाही.’

मितू पंधरा दिवस त्यावर खपत होती. दिवा काही केल्या पेटत नव्हता. तिने विचारलं तेव्हा नागसेनने लॅपटॉपमधून मान न उचलता सांगितलं होतं, “तारा बरोबर आहेत.”

तेवढ्यात फोन वाजला.

“बाल्कनी छान दिसतेय,” अंजली म्हणाली. “पवनचक्की कुठाय?”

“ती... प्रवासात आहे.”

“नागसेन, साडेदहाला ती शाळेत दिसली पाहिजे. नाहीतर पुढची चिठ्ठी कोणाला बांधायची, ते मी ठरवीन.”

मितूला स्कूटरवर मागे बसवून तो गेटवर आला. वॉचमन आबाजींनी वही उघडली. “टेम्पो व्हय? सात छत्तीसला गेला की! माल सोडल्याची सही बघा, तुमचीच हाय.”

“गेला कुठे पण?”

“आजून तीन सोसायट्या घ्यायच्यात त्याला. मग चिखलीला, मुमताजभाभीच्या दुकानावर.”

नागसेनने हिशोब मांडला. एका सोसायटीला वीस मिनिटं, म्हणजे टेम्पो दुसऱ्या सोसायटीत सापडायलाच हवा. गणित बरोबर होतं, फक्त टेम्पोवाल्याला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या सोसायटीतून तो पाच मिनिटांपूर्वीच निघाला होता. तिसरीच्या वाटेवर मागून आवाज आला, “पप्पा, तुम्ही कुकर बंद केला?”

घरी परतले तेव्हा डाळ छताला लागली होती. नागसेनने गॅस बंद केला, छताकडे बघायचं टाळलं आणि पुन्हा स्कूटर काढली. चिखलीला पोचले तेव्हा पावणेदहा वाजले होते.

मुमताजभाभी वजनकाट्यामागे चहा पीत बसल्या होत्या. काट्यावर पवनचक्की ठेवलेली होती. समोरच्या पंख्याच्या वाऱ्यावर ती गरगर फिरत होती आणि तिचा छोटा दिवा लख्ख पेटला होता!

“पेटला!” मितू ओरडली.

“ही आमची आहे,” नागसेन म्हणाला. “चुकून आली.”

“चुकून?” भाभींनी लाल चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. “सही हाय, तारीख हाय. इतकं पक्कं भंगार माझ्याकडं वीस वर्षांत आलं नाही, साहेब.”

“मी बनवलीय, भाभी,” मितू म्हणाली. “दिवा कसा पेटला?”

“उलटा लावलेला, बेटा. असला दिवा एकाच बाजूनं करंट घेतो. तारा पलटल्या, झालं. कुणी सांगितलं नाही तुला?”

“पप्पा म्हणाले तारा बरोबर आहेत.”

“पप्पा काय करतात?”

“क्वालिटी इंजिनिअर आहेत.”

 भाभींनी चहाचा एक लांब घोट घेतला.

पवनचक्की चिठ्ठीसकट मितूच्या हातात देऊन त्यांनी वजनाची पावतीही फाडून दिली. “आल्या मालाची पावती द्यायचीच. आमच्याकडंपण नियम हायेत, साहेब.”

दहा एकोणतीसला मितू शाळेच्या हॉलमध्ये शिरली. दुसरा मोजा हातातून फक्त खिशापर्यंत पोचला होता. टेबलांवर नव्याकोऱ्या आइस्क्रीमच्या काड्या आणि कालच आणलेले चकचकीत कागद मांडलेले होते. परीक्षक गिरजाबाई निवृत्त विज्ञानशिक्षिका होत्या. त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होत्या, “हे खरंच टाकाऊ होतं कशावरून?” मुलं आईकडे बघत, आया छताकडे.

मितूने पवनचक्की हॉलमधल्या पंख्यासमोर धरली. दिवा पेटला. मग तिने लाल चिठ्ठी आणि पावती पुढे केली.

गिरजाबाईंनी मोठ्याने वाचलं, “वस्तू, अज्ञात. कारण, काय आहे ते कळत नाही. निर्णय, भंगार. वजन, दोन किलो शंभर ग्रॅम.” त्यांनी चष्मा काढला. “तीस वर्षं हे प्रदर्शन तपासतेय. पुरावा पहिल्यांदाच बघितला. सही कोणाची?”

“माझ्या पप्पांची,” मितू अभिमानाने म्हणाली. “तेच ते, मागे लपलेत.”

पहिलं बक्षीस मितूला मिळालं. टाळ्या थांबेपर्यंत नागसेनही खांबामागून बाहेर आला होता.

संध्याकाळी अंजलीने आधी बक्षिसाची ढाल पाहिली, मग छत.

“शेवटी कामाला आली कोण? आपली पद्धतच,” नागसेन म्हणाला आणि पाणी घ्यायला फ्रिजकडे वळला. नियमावलीच्या शेजारी चिठ्ठ्यांचं अख्खं पॅड दोऱ्याने टांगलेलं होतं. त्याला एक लाल चिठ्ठी बांधली होती. अक्षर मितूचं होतं.

‘वस्तू: पप्पांचं पॅड. कारण: न विचारता काम करतं. निर्णय: भंगारात देऊ नये. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला लागेल.’

सहीची जागा रिकामी होती. नागसेनने दोनदा वाचलं, चर्चेसाठी तोंड उघडलं, पहिला नियम आठवून मिटलं, आणि खिशातून पेन काढलं.