मांजरांच्या फळ्या

डोंगरे सर लग्नात जेवायला बसले की आधी पत्रावळीवर भाताची शितं मांडतात. एकेक शीत म्हणजे एकेक पंगत. मग वरणात बुडवलेल्या बोटानं शितांमध्ये रेषा ओढतात आणि शेजारच्याला सांगतात, "जिलेबी हे सावज, आपण शिकारी. किती आहेत ते सोडा. कुठून कुठं वाट आहे ते बोला. वाटा बदलल्या की नक्षी बदलते. इथं ढीग, तिथं ठणठणाट." शेजारचा सहसा जागा बदलतो.

सर परभणीत गणित शिकवायचे. सावज आणि शिकारी यांची समीकरणं हा त्यांचा विषय. निवृत्तीनंतर ते मानवतला आमच्या गल्लीत एकटे राहायला आले.

मोंढ्यामागच्या धान्याच्या दुकानांत उंदीर वाढले, तेव्हा दुकानदारांनी त्यांना बैठकीला बोलावलं. मीही होतो.

"मांजरं हायत की सर," रामरावशेठ म्हणाले. "पण समदी माझ्याच गल्ल्यापाशी लोळायलेत."

"मांजरं पुरेशी आहेत. वाटा नाहीत."

सरांनी खडूनं फरशीवर हजर दुकानदारांचे ठिपके काढले, रेषांनी जोडले आणि एका पत्र्यावरून दुसऱ्या पत्र्यावर फळ्या टाकायला सांगितल्या. मांजरं सगळीकडं फिरू लागली. उंदीर दिसेनासे झाले. सरांना शाल मिळाली.

ओळीच्या टोकाला वंदनाताईंचं डाळीचं दुकान आहे. मोंढ्यात दुकान टाकणारी त्यांच्या बौद्ध वस्तीतली पहिलीच बाई. उंदीर मागच्या नालीनं थेट त्यांच्याकडं गेले. कुरतडलेलं पोतं घेऊन त्या सरांच्या दारात आल्या.

"रामरावशेठ म्हणतेत, सरांचं गणित हाय, सरांलाच इचारा. असंच चाललं तर दुकान बंद करावं लागतंय."

सर पोत्याकडं बघत राहिले. "मी मांजरांच्याच रेषा काढल्या. उंदरांची नाली काढलीच नाही. तुम्ही बैठकीला नव्हता?"

"आमाला कोण बोलवायलंय, सर?" वंदनाताई हसल्या.

सरांना हसता आलं नाही. "कोण राहिलंय, हे मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. त्यानंतर ते मोंढा टाळून लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. नमस्कार केला तरी मान वर करेनात. शाल त्यांनी परत पाठवली. रामरावशेठना वाटलं, रंग आवडला नाही.

मग एके दुपारी सरांनी स्वतःच्या पुस्तकांच्या कपाटाची फळी काढून शेजारच्या पत्र्यावरून वंदनाताईंच्या स्लॅबवर टाकली. स्लॅब खाली, उतार फार. मांजरं फळीच्या टोकाशी येऊन माघारी फिरली.

दुसऱ्या दिवशी सर कापडी पिशवीत घरची मांजर घेऊन वंदनाताईंच्या दुकानात आले. घरात त्यांचं बोलणं ऐकणारं तेवढंच कुणीतरी होतं.

"सर, तुमी एकलेच हाव की घरी."

"इथं जास्त गरज आहे," सर म्हणाले आणि वळून न बघता गेले.

उंदीर हटले. दुकान चालू आहे. सर आता रोज संध्याकाळी पावशेर डाळ न्यायला येतात. मांजर त्यांच्या पायावर येऊन बसत नाही, तोवर ते हलत नाहीत. एकट्या माणसाला रोज डाळ कशाला लागते, हे वंदनाताई विचारत नाहीत. त्या सावकाश तोलतात.