हनीफभाईंची लाईट

"पावणं, रडायचं तर जरा उजेडात या!"

कुकडी नदीच्या काठी एका दशक्रियेला हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. गेलेल्या माणसाचा थोरला मुलगा झाडाच्या सावलीत तोंड फिरवून डोळे पुसत होता आणि हनीफभाई कॅमेऱ्यामागून त्याला उन्हात बोलावत होते. मुलगा बिचारा आला. उन्हात उभा राहिला आणि त्याचं रडूच पळालं. तेव्हा हनीफभाई अगदी कळवळून म्हणाले, "आता कसं व्हायचं? मुंबईची माणसं बघनार हायेत. परत एकदा आठवा बरं वडलांना."

त्या दिवशी हनीफभाईंना मार कसा बसला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक त्यांच्या तोंडाकडे बघून कोणाचा हात उठत नसावा. ते बोलले त्यात चेष्टा नव्हतीच. माणसाचं रडणं अंधारात वाया जाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ.

हनीफभाई म्हणजे जुन्नरच्या पेठेतले शूटिंगवाले. जुन्नर-आंबेगावात तीस वर्षांत त्यांनी इतकी लग्नं घेतली की ज्या लग्नात आपला कॅमेरा नव्हता ते लग्न झालं, असं मानायलाच ते तयार नसत. माणसाची ओळख ते नावावरून ठेवत नाहीत. "डिंगोऱ्याचे ना तुमी? तुमच्या चुलत्यानं मंगलाष्टकात जांभई दिली व्हती," असं म्हणून ते समोरच्याला गार करतात. आणि तोंडात सदा एकच, "परत एकदा." नवरदेवानं हार घातला, परत एकदा. नवरीला जिलेबी भरवली, परत एकदा. बोरी बुद्रुकच्या एका नवरीनं पाचव्या जिलेबीला हात जोडले होते. मी एकदा त्यांच्या दुकानाच्या पायरीवर अडखळून चांगला आपटलो, तर हा गृहस्थ उचलायला यायचं सोडून आतून म्हणतो, "भाऊसाहेब, परत एकदा. पाय दिसला न्हाई."

मी कॉलेजात क्लार्क, म्हणून त्यांच्या लेखी भाऊसाहेब.

आता लाईटबद्दल सांगायला हवं. हनीफभाईंच्या मागे दोन पावलांवर हातात हॅलोजन धरून एक बाई उभी असे. ती जुबेदाभाभी, त्यांची बायको. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची हनीफभाईंना लाज, म्हणून ते तिला सरळ 'लाईट' म्हणत. "ए लाईट, वर! लाईट, नवरीच्या तोंडावर!" भाभी हात उंच करून तासन् तास उभी राहायची. तळेघरकडची लग्नं असली की बसनं जमेल तेवढं जायचं आणि पुढं भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालायचं. हनीफभाईंच्या खांद्यावर कॅमेरा, भाभीच्या डोक्यावर वायरचं वेटोळं. पोचल्यावर बायका तिला थेट चुलीपर्यंत नेत. हनीफभाई मात्र बाहेर मांडवात ताटकळत, कारण लाईट स्वयंपाकघरात नाचणीची भाकरी खात बसलेली.

"लई गुणाची लाईट," हनीफभाई आम्हाला सांगत. "एकदाबी मधी बंद पडली न्हाई." भाभी मागून म्हणायची, "हात मोडायला आलाय, आन यांना गुण दिसत्यात."

माझं आणि शैलाचं लग्न बोरी बुद्रुकला, सासुरवाडीच्या दारात झालं. शूटिंग अर्थात हनीफभाईंचं. हळदीच्या वेळी वीज गेली आणि हॅलोजन विझला. भाभीच्या हाताला काम उरलं नाही. तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी तिला ओढून अंगणात पाटावर बसवलं, तिच्या केसात गजरा माळला आणि म्हणाल्या, "लेकी, समद्यांना दिवा दावती, आज तू बस." ऊन स्वच्छ होतं, कॅमेरा बॅटरीवर होता. हनीफभाईंनी ते घेतलं. भाभी आधी हसली, मग पदर तोंडावर घेतला, मग पदराआडून म्हणाली, "अवो, बंद करा की, कॅसेट वाया जाती." अर्धा मिनिट असेल. वीज गेली म्हणून लाईट दिसली, असं आम्ही ती कॅसेट बघताना दर वेळी म्हणायचो आणि हसायचो.

त्या कॅसेटचं पुढं काय झालं, ते सांगताना मला आजही मान वर करवत नाही. कॅसेटच्या कडेला एक प्लास्टिकचा छोटा तुकडा असायचा. तो मोडला की वर दुसरं काही भरता येत नसे. हनीफभाईंनी तो स्वतःच्या हातानं मोडून कॅसेट आमच्या हवाली केली होती. म्हणाले होते, "म्हंजी कुना गाढवानं वर काय भरायला नगं." एका रविवारी भारताचा सामना होता, मला गावी जायचं होतं आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मी त्या खाचेवर सेलोटेप चिकटवली आणि माझ्या लग्नावर क्रिकेट भरायला लावलं. गाडी चुकली म्हणून स्टँडवरून परत आलो, तर आपण हरत होतो. हरलो. तसा चिडून मी बटण दाबून भरणं थांबवलं.

शैला महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मी म्हणत होतो, लग्न झालंय ना, मग त्याची कॅसेट काय करायची? पण हळदीच्या अंगणात तिची आईही होती, तीही त्या सामन्याखाली गेली, हे मला सासूबाई वारल्यावर उमगलं. त्यानंतर ती कॅसेट लावायची कोणाची छाती झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी जुबेदाभाभी गेली. आठ दिवस ताप आला, दवाखाना झाला आणि संपलं. चाळिसावा दिवस झाल्यावर हनीफभाई दुकानात बसले आणि भाभीची छबी शोधायला लागले. सगळ्या तालुक्याची तोंडं त्यांच्याकडे, आणि घरच्या बाईचं एक चित्र नाही. आधार कार्डावरचा फोटो तेवढा होता. तो मला दाखवून म्हणाले, "ही बाई कोन हाय, सांगा बरं? मी तर वळखत न्हाई."

मग ते दारोदार फिरले. ज्यांची ज्यांची लग्नं घेतली त्यांच्याकडं जुन्या कॅसेटी मागायच्या आणि घरी आणून बघायच्या. सगळ्यांत उजेड होता, भाभी नव्हती. एका सकाळी ते माझ्याकडं आले.

"भाऊसाहेब, तुमच्या हळदीला सासूबाईंनी तिला पाटावर बसवलं व्हतं. गजरा घातला व्हता. मी घेतलंय ते. मला पक्कं आठवतंय."

मी म्हणालो, "हनीफभाई, त्या कॅसेटला बुरशी लागली हो. फेकून दिली."

शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं फक्त बघितलं. हनीफभाई उठले. मग माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू द्या. तुमचंबी लगीनच गेलं की वो."

या माणसानं माझी समजूत घातली! त्या दिवसापासून मी त्यांच्या दुकानावरून जायचं टाळू लागलो. पण जुन्नर केवढं, टाळून टाळून माणूस जाणार कुठं? महिन्याभरानं त्यांनीच मला रस्त्यात धरलं. "भाऊसाहेब, मी पिक्चर काढतोय. माझा सोताचा. लाईट धरायला माणूस पायजे."

मी मुकाट्यानं हो म्हणालो.

पिक्चरचं नाव 'लाईट गेली'. गोष्ट एका शूटिंगवाल्याची. त्याची लाईट धरणारी बायको मरते आणि तो तिच्या जागी माणसं ठेवून बघतो. एकही धड टिकत नाही. बायकोचं काम कोण करणार, असं विचारलं तर म्हणाले, "ती गेलीय ना. मेलेलं मानूस कुनी दावतं का?" बाकी नट म्हणजे आम्हीच. बबन गवंडी हॅलोजन धरायचा तो नवरीवर न धरता मटणाच्या पातेल्यावर धरायचा, आणि ते त्याला शिकवावं लागलं नव्हतं. एसटीतून रिटायर झालेले लोंढे ड्रायव्हर समोरून कोणी आलं की सवयीनं डिपर मारायचे. पूर्ण मंगलाष्टक त्यांनी उघडझाप करत काढलं. हनीफभाई कपाळाला हात लावून ओरडायचे, तेच घ्यायचे, आणि वर "परत एकदा" आहेच. शूटिंगमागची खरी लाईट मी धरत होतो. हात भरून यायचा. खाली करावा तर मागं उभी असलेली भाभी आठवायची, आणि मग नाही करवायचा.

मी एकदा विचारलं, "हनीफभाई, यात तुम्ही रडत कुठंच नाही?"

"मानसं हसाया येनार. त्यांना कशाला तरास?"

गेल्या हिवाळ्यात रविवारी सकाळी मंगल कार्यालयात पडदा बांधून पिक्चर दाखवला. सगळी पेठ लोटली होती. लोंढे ड्रायव्हरांचा डिपर आला तेव्हा माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली. बायका पदरानं डोळे पुसत हसत होत्या. शेवटी शूटिंगवाला एकटाच एका अंगणात कॅमेरा लावतो, समोर रिकामा पाट असतो, आणि तो नेहमीसारखं म्हणतो, "ए लाईट..." आणि पडदा पांढरा झाला. नुसता पांढरा. काही नाही, आवाजही नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "लाईट गेली!" आणि सगळं कार्यालय पुन्हा हसलं.

शैलानं माझा दंड घट्ट धरला होता. अर्ध्या मिनिटानं अक्षरं आली.

बाहेर पडताना हनीफभाई लोकांचे नमस्कार घेत उभे होते. मला बघून खाली वाकून हळूच म्हणाले, "पांढरं दिसलं ना, ती खराबी नव्हं. तेवढी जागा तिची ठिवलीय. कुठं घावली तर टाकीन."

घरी आल्यावर शैलानं ट्रंकेच्या तळातून कॅसेट काढून माझ्यापुढं ठेवली. सेलोटेप पिवळी पडली होती. ती एवढंच म्हणाली, "आता जाऊन सांगा. मीपण येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात गेलो. मी सगळं सांगितलं, बुरशीचं खोटंसुद्धा. हनीफभाईंनी कॅसेट हातात घेतली, खाचेवरच्या सेलोटेपवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "म्हंजी ते गाढव तुमी व्हता व्हय." रागानं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

उन्हाची तिरीप पडद्यावर येऊ नये म्हणून त्यांनी शटर खाली ओढलं, ट्यूब लावली आणि कॅसेट लावली. सामना सुरू झाला. पुढं पळवला, तरी सामनाच. अंगण नाही, पाट नाही, गजरा नाही. माझ्या सासूबाई नाहीत. शैला पदराचं टोक पिळत बसली होती. हनीफभाई पुटपुटले, "हारलो की वो आपन," आणि तेवढ्यात पडदा खरखरला.

पाठवणी होती; इतक्या पुढपर्यंत आम्ही कॅसेट कधी बघत नसू. मी चिडून बटण दाबलं, त्याच्यापुढचं मूळचं लग्न शिल्लक होतं. आपण जिंकलो असतो तर मी बक्षीस समारंभही भरून घेतला असता.

दिवेलागणीची वेळ, सासऱ्यांचा ओटा, आईच्या गळ्यात पडून रडणारी शैला. दोघींची तोंडं एकमेकींच्या खांद्यात, कोणाचंच दिसत नाही. हॅलोजनचा उजेड दोघींवर. हनीफभाईंचा तरणा आवाज आला, "लाईट, फुडं ये! नवरीचं तोंड दिसंना. परत एकदा." उजेड जागचा हलला नाही. आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी कानाजवळ भाभीचा आवाज आला.

"मायलेकी रडत्यात. रडू द्या की त्यांना. बंद करते मी."

आणि काळोख झाला. कॅसेट संपली.

हनीफभाई रिकाम्या पडद्याकडं बघत राहिले. "मी लई बोललो व्हतो तिला त्या दिशी," ते म्हणाले. "लई बोललो." त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवून बाहीनं डोळे पुसले. पण दुकान केवढं, आणि ट्यूबचा उजेड सगळीकडं सारखा.

मी उठलो आणि ट्यूबचं बटण बंद केलं.

शैला रडत होती ते मला ऐकू येत होतं. मग काळोखातून हनीफभाई म्हणाले,

"भाऊसाहेब, कॅसेट परत एकदा लावा."